चौथ्या वर्गाचा प्रबंध : रसायनशास्त्रज्ञ स्वांटे आऱ्हेनियस यांचे अल्पचरित्र

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे अल्पचरित्र देण्याचा प्रघात आहे. ही चरित्रे बहुधा संतांची, देशभक्तांची किंवा समाजधुरीणांची असतात, व तसे असणे योग्यच आहे. यंदा आम्ही नेहमीची वाट किंचित सोडून उत्तर युरोपातील एका रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र वाचकांच्या सेवेशी सादर करीत आहोत. हा पुरुष ना आपल्या भाषेचा, ना आपल्या देशाचा. तथापि ज्या घरांतून परीक्षेच्या निकालाचा दिवस एक तर सणासारखा, नाही तर सुतकासारखा पाळला जातो, त्या प्रत्येक घरात हे चरित्र वाचले जावे अशी आमची इच्छा आहे. कारण ज्या विचाराबद्दल या गृहस्थांस पुढे नोबेल पारितोषिक मिळाले, तो विचार प्रथम ज्या प्रबंधात मांडला गेला, त्या प्रबंधास त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठाने चौथा वर्ग दिला होता.

जन्म व शिक्षण

स्वांटे ऑगस्ट आऱ्हेनियस यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी स्वीडन देशात, उप्साला नगराजवळील वीक या गावी झाला. वडील भूमापक होते, व विद्यापीठाच्या आणि एका जमीनदारीच्या मालमत्तेची व्यवस्था त्यांजकडे असे. मुलगा वर्षभराचा असतानाच हे कुटुंब उप्सालास राहावयास आले. स्वांटे तिसऱ्या वर्षी आपले आपणच वाचावयास शिकले, आणि वडिलांच्या हिशेबाच्या वह्यांतील आकडेमोड पाहता पाहता त्यांस अंकगणिताची गोडी लागली. आपल्याकडेही दुकानाच्या गादीवर वडिलांशेजारी बसून रोजकीर्दीतून गणित शिकलेली मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या पालकांस हा बालक परका वाटणार नाही. आठव्या वर्षी ते तेथील कॅथीड्रल शाळेत दाखल झाले, आणि १८७६ साली त्या तुकडीतील सर्वांत लहान व सर्वांत हुशार विद्यार्थी म्हणून शाळेतून बाहेर पडले.

उप्सालाचे विद्यापीठ १४७७ साली स्थापन झालेले. वनस्पतींचे वर्गीकरण करणारे लिनीयस आणि तापमापकाच्या अंशांस ज्यांचे नाव लाभले ते सेल्सियस तेथलेच. अशा प्राचीन विद्यापीठात आऱ्हेनियस यांनी भौतिकी, रसायन व गणित या विषयांचा अभ्यास आरंभिला. रसायनाचे प्राध्यापक पेर तेओडोर क्लेव्ह हे मोठे नामांकित विद्वान. १८७९ साली होल्मियम व थुलियम ही मूलद्रव्ये त्यांनी शोधून काढली होती. परंतु प्रयोगशाळेत नवनवे पदार्थ तयार करणे, त्यांचे पृथक्करण करणे, हेच रसायन, अशी त्या पिढीची धारणा होती. पदार्थ असे का वागतात, या प्रश्नाकडे ओढ असलेल्या या तरुणाचे तेथे समाधान होईना. म्हणून १८८१ साली ते स्टॉकहोम येथे विज्ञान अकादमीच्या भौतिकी संस्थेत एरिक एडलुंड यांच्या हाताखाली काम करावयास गेले.

मिठाचे पाणी व विजेचे कोडे

आऱ्हेनियस यांनी हाती घेतलेले कोडे वरवर पाहता अगदी साधे होते. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही. कोरड्या मिठातूनही वाहत नाही. पण तेच मीठ त्याच पाण्यात विरघळविले की ते पाणी विजेचे उत्तम वाहक होते. साखर कितीही विरघळविली तरी मात्र तसे घडत नाही. असे का व्हावे?

या विषयाचे आद्य संशोधक इंग्लंडातील मायकेल फॅराडे होत. विजेच्या ओढीने द्रावणातून एका अग्राकडून दुसऱ्या अग्राकडे जाणाऱ्या कणांस त्यांनी १८३४ साली आयन हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्या शब्दाचा अर्थ जाणारा, चालणारा असा आहे. परंतु हे कण विजेच्या प्रवाहामुळेच फुटून निघतात, असे त्या काळी बहुतेक मानीत. जर्मनीतील क्लाउझियस यांनी १८५७ साली एक पाऊल पुढे टाकून, काही थोडे रेणू विजेवाचूनही क्षणमात्र सुटे होत असावेत, असे सुचविले होते. तेथून पुढची वाट कोणास दिसत नव्हती.

आऱ्हेनियस यांनी १८८२-८३ च्या हिवाळ्यात अनेक पदार्थांची अत्यंत विरल द्रावणे करून त्यांची विद्युत्-वाहकता मोजली. द्रावणात जसजसे अधिक पाणी घालावे, तसतशी विरघळलेल्या पदार्थाच्या ठरावीक मात्रेमागे वीज वाहण्याची शक्ती वाढत जाते, असे त्यांस आढळले. १७ मे १८८३ च्या रात्री या सर्व आकड्यांचा अर्थ त्यांच्या मनात एकाएकी उजळला, आणि सबंध प्रश्न उकलेपर्यंत त्यांस झोप आली नाही, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. विरघळलेल्या पदार्थाचा काही भाग क्रियाशील व काही भाग निष्क्रिय असतो. पाणी वाढविले की क्रियाशील भागाचे प्रमाण वाढते. आणि वीज वाहून नेणारा व रासायनिक विक्रिया घडविणारा भाग हा एकच होय, असा तो अर्थ होता. विजेचे शास्त्र व रसायनशास्त्र यांमधील भिंतीस पडलेले ते पहिले मोठे खिंडार होते.

परीक्षकांचा निकाल

हा नवा विचार घेऊन आऱ्हेनियस क्लेव्ह यांजकडे गेले, तेव्हा त्यांनी तो मनोरंजक असल्याचे सांगून लागलीच निरोप दिला, अशी हकीकत आऱ्हेनियस यांनीच उत्तरायुष्यात सांगितली आहे. तरी त्यांनी धीर सोडला नाही. सुमारे दीडशे पानांचा, छप्पन्न सिद्धान्तवजा विधाने असलेला प्रबंध त्यांनी फ्रेंच भाषेत लिहिला, व १८८४ साली डॉक्टरच्या पदवीकरिता उप्सालास सादर केला.

निकाल वर सांगितल्याप्रमाणे लागला. प्रबंधास चौथा वर्ग मिळाला. भर सभेत त्याचे समर्थन त्यांनी कसे केले, याबद्दल तिसरा वर्ग मिळाला. पदवी हाती आली खरी, परंतु त्या काळच्या रिवाजाप्रमाणे एवढ्या गुणांवर विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळण्याचा मार्ग बंद झाला. पंचवीस वर्षांच्या त्या तरुणाची विद्येच्या क्षेत्रातील वाटचाल तेथेच संपावी, अशी ही स्थिती होती.

येथे परीक्षकांविषयी दोन शब्द लिहिणे न्यायाचे होईल. ते द्वेष्टे नव्हते, व अडाणी तर नव्हतेच. प्रबंध भौतिकीच्या लोकांस रसायनाचा वाटला, व रसायनाच्या लोकांस भौतिकीचा. दोहोंच्या सीमेवर उगवलेले रोप कोणाच्याच वाफ्यात बसेना. शिवाय त्यात नवा पदार्थ नव्हता, नवे मूलद्रव्य नव्हते; होता तो केवळ एक नवा दृष्टिकोन. आपापल्या मोजपट्टीने त्यांनी प्रामाणिकपणे मोजले, आणि मोजपट्टीच अपुरी पडली.

पाहुणा दारी येतो

आऱ्हेनियस यांनी आपल्या प्रबंधाच्या प्रती परदेशातील निवडक विद्वानांस पाठविल्या. बॉन येथील क्लाउझियस, ट्यूबिंगेन येथील लोथार मायर, ॲमस्टरडॅम येथील फान्ट हॉफ आणि रीगा येथील विल्हेल्म ऑस्टवाल्ड हे त्यांत होते. रीगा आज लाटव्हियाची राजधानी आहे; त्या वेळी ती रशियन साम्राज्यात मोडत असे. ऑस्टवाल्ड तेथील तंत्रविद्यालयात प्राध्यापक होते, व त्यांचे वय अवघे तीस होते. जून १८८४ मध्ये एकाच दिवशी त्यांस दातदुखी जडली, घरी कन्यारत्न जन्मास आले, आणि हा प्रबंध टपालाने आला, असे त्यांनी मोठ्या गमतीने नमूद करून ठेविले आहे. तिन्हींपैकी प्रबंधानेच त्यांची झोप अधिक उडविली.

त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात ऑस्टवाल्ड समुद्र ओलांडून उप्सालास आले. अम्लांच्या विक्रियांचे वेग त्यांनी स्वतः मोजले होते, आणि आऱ्हेनियस यांनी मोजलेल्या वाहकतेशी ते आकडे तंतोतंत जुळत होते. ज्या अम्लातून वीज अधिक वाहते तेच अम्ल विक्रियाही अधिक वेगाने घडविते, हे दोघांस दोन वाटांनी सापडले होते. ऑस्टवाल्ड यांनी या तरुणास तेथल्या तेथे रीगा येथे जागा देऊ केली. परक्या देशाचा प्राध्यापक आपल्या चौथ्या वर्गाच्या उमेदवारासाठी एवढा प्रवास करून येतो, हे पाहून उप्सालाच्या मंडळींसही विचार करणे भाग पडले; आणि वर्ष संपण्यापूर्वी आऱ्हेनियस यांची भौतिकीय रसायनाचे अध्यापक म्हणून तेथेच नेमणूक झाली. वडील त्या वेळी अत्यवस्थ होते, म्हणून त्यांस सोडून रीगास जाणे आऱ्हेनियस यांनी तूर्त टाळले. १८८५ साली वडिलांचे निधन झाले.

पुढे एडलुंड यांच्या खटपटीने अकादमीची प्रवासवृत्ती मिळाली, आणि १८८६ पासून काही वर्षे आऱ्हेनियस यांनी युरोपातील विद्यापीठांतून काढली. रीगा येथे ऑस्टवाल्ड, व्हुर्त्सबुर्ग येथे कोलराउश, ग्रात्स येथे बोल्ट्झमान, ॲमस्टरडॅम येथे फान्ट हॉफ, व लाइपझिग येथे पुनश्च ऑस्टवाल्ड, असा हा विद्यायात्रेचा क्रम होता.

आयनांचा सिद्धान्त

या यात्रेतच प्रबंधातील बीजाचा वृक्ष झाला. फान्ट हॉफ यांनी असे दाखविले होते की, विरल द्रावणातील रेणू वायूच्या रेणूंप्रमाणेच नियम पाळतात, व त्यांचा तर्षण दाब त्या नियमांनी काढता येतो. साखरेस हा नियम उत्तम लागू पडे. मिठास मात्र तो लागू पडेना. मिठाचे रेणू मोजले असता जितके भरावयास हवेत, त्याच्या जवळजवळ दुप्पट असल्यासारखे ते वागत. फ्रान्समध्ये राऊल यांनी गोठणबिंदूचे मापन केले होते, त्यातही हेच दिसे. साखरेच्या ठरावीक रेणूंनी पाण्याचा गोठणबिंदू जेवढा उतरतो, त्याच्या सुमारे दुप्पट तो तितक्याच मिठाने उतरतो, आणि कॅल्शियम क्लोराइडाने सुमारे तिप्पट.

आऱ्हेनियस यांनी १८८७ साली याचा उलगडा केला. मिठाचा एक रेणू पाण्यात पडताच त्याचे दोन आयन होतात, एक धन विद्युत्-भाराचा सोडियमचा, दुसरा ऋण भाराचा क्लोरीनचा. कॅल्शियम क्लोराइडाचे तीन होतात. साखरेचा रेणू अखंडच राहतो. वीज वाहो वा न वाहो, आयन आधीच सुटे झालेले असतात. वीज त्यांस केवळ वाट दाखविते. वाहकता, गोठणबिंदू व तर्षण दाब या तीन निराळ्या साक्षीदारांनी दिलेले आकडे एकमेकांशी जुळले. ऑस्टवाल्ड व फान्ट हॉफ यांनी त्याच वर्षी सुरू केलेल्या भौतिकीय रसायनाच्या जर्मन नियतकालिकात हा सिद्धान्त छापून आला.

त्यावर मोठे काहूर उठले. सोडियम ही धातू पाण्यात टाकली तर भडका उडतो, आणि क्लोरीन हा विषारी वायू आहे. मग ही दोन्ही आमच्या मिठाच्या पाण्यात सुखाने कशी नांदतात, असा जुन्या मंडळींचा आक्षेप होता. प्रश्न चुकीचा नव्हता. पण त्याचे उत्तरही तितकेच सरळ आहे. अणू आणि आयन एक नव्हेत. विद्युत्-भार येताच कणाचा स्वभाव पालटतो. आपण रोजच्या आमटीत चिमूटभर मीठ घालतो तेव्हा त्यात सोडियमही असतो व क्लोरीनही असतो, पण भडका उडविणारा सोडियम वा घसा जाळणारा क्लोरीन नसतो.

या एका विचाराने रसायनाचे अनेक विखुरलेले मणी एका सूत्रात ओवले गेले. पाण्यात हायड्रोजनचे आयन देणारे ते अम्ल, हायड्रॉक्सिल आयन देणारे ते क्षारक, आणि दोहोंच्या मीलनाने पाणी होते, ही शाळेच्या पुस्तकातील व्याख्या आऱ्हेनियस यांच्या सिद्धान्तातूनच आली आहे. गंधकाम्लाचा थेंब कातडी जाळतो आणि व्हिनेगर आपण जेवणात घेतो, यातील भेदही उमगला. व्हिनेगरातील ॲसेटिक अम्लाच्या सौम्य द्रावणात शंभर रेणूंपैकी जेमतेम एक-दोनच आयनरूप होतात. तीव्र अम्लाचे बहुतेक सर्व होतात.

विक्रियेचा घाट

आऱ्हेनियस यांचे दुसरे मोठे कार्य १८८९ चे. उष्णता वाढली की रासायनिक विक्रिया वेगाने घडतात, हे स्वयंपाकघरातील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. पण किती वेगाने, याचा हिशेब चकित करणारा आहे. तापमान २७ अंशांवरून ३७ अंशांवर नेले तर रेणूंचा सरासरी वेग दोन टक्केही वाढत नाही. आणि तरीही अनेक विक्रियांचा वेग दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होतो. रेणू एकमेकांवर थोडे अधिक वेळा आदळतात, एवढ्याने हा चमत्कार घडणे शक्य नाही.

अम्लाच्या साहाय्याने उसाच्या साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन शर्करांत रूपांतर होते, त्या विक्रियेवरून आऱ्हेनियस यांनी याची फोड केली. सर्वच रेणू विक्रियेस योग्य नसतात. पुण्याहून कोकणात उतरावयाचे तर आधी घाटमाथा गाठला पाहिजे. तद्वत् रेणूसही विक्रिया होण्यापूर्वी ऊर्जेचा एक घाट चढावा लागतो. या घाटाच्या उंचीस क्रियाशीलन ऊर्जा म्हणतात. कोणत्याही क्षणी घाट चढण्याचे बळ असलेले रेणू फारच थोडे असतात, पण तापमान थोडे वाढताच त्यांची संख्या भराभर वाढते. हे सूत्ररूपाने मांडलेले समीकरण आज आऱ्हेनियस यांच्याच नावाने ओळखले जाते. उत्प्रेरक म्हणजे काय, तर कमी उंचीची दुसरी खिंड दाखविणारा वाटाड्या. शीतकपाटात अन्न टिकते ते त्यातील विक्रिया मंदावतात म्हणून. आणि औषधे मुद्दाम उष्ण जागी ठेवून ती किती दिवस टिकतील याचा जो अंदाज बांधतात, त्यातही हेच समीकरण उपयोगी पडते. आपल्या घरातील औषधाच्या पुडक्यावरील मुदतीच्या तारखेशी या स्वीडिश गृहस्थांचा असा संबंध आहे.

मानसन्मान व संसार

१८९१ साली जर्मनीतील गीसेन विद्यापीठाने प्राध्यापकपद देऊ केले असता ते नाकारून आऱ्हेनियस स्टॉकहोमच्या उच्च विद्यालयात अध्यापक झाले. तेथेही प्राध्यापकपद सहजी मिळाले नाही. विरोध झाला, पात्रतेची तपासणी झाली, आणि अखेर १८९५ साली नेमणूक झाली. पुढच्याच वर्षी ते त्या संस्थेचे प्रमुख झाले, व १९०२ पर्यंत ते पद त्यांजकडे होते. १८९४ साली त्यांनी सोफिया रुडबेक या आपल्या विद्यार्थिनीशी विवाह केला होता. त्यांस एक पुत्र झाला, परंतु तो संसार दोन वर्षांतच मोडला. १९०५ साली मारिया योहान्सन यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला, व त्यांस दोन कन्या व एक पुत्र अशी अपत्ये झाली.

पहिल्या संसाराच्या त्या खडतर दिवसांतच त्यांनी हातांनी प्रचंड आकडेमोड करून हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड व पृथ्वीचे तापमान यांचा संबंध काढला. हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल, असा त्यांचा १८९६ चा हिशेब होता. आजचे शास्त्रज्ञ हा आकडा तीन अंशांच्या आसपास मानतात. त्या काळी दहा लाख भाग हवेत हा वायू सुमारे २९५ भाग होता. आता तो ४२० च्या वर गेला आहे. इतकी वाढ व्हावयास हजारो वर्षे लागतील असे आऱ्हेनियस यांस प्रथम वाटत होते, आणि थंड देशात राहणाऱ्या त्यांस ती काहीशी हितकारकही वाटत होती. थोरांचा हिशेब बरोबर येतो, पण भाकीत चुकते, याचे हे उदाहरण आहे.

१९०३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक आऱ्हेनियस यांस मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले स्वीडिश नागरिक होत. ज्या क्लेव्ह यांनी त्यांस एके काळी दारातून निरोप दिला होता, तेच त्या वेळी रसायनाच्या नोबेल समितीवर होते. फान्ट हॉफ यांस हे पारितोषिक १९०१ साली मिळाले होते, ऑस्टवाल्ड यांस ते १९०९ साली मिळाले. अशा रीतीने आयनांचा पंथ चालविणारे तिघेही मित्र सन्मानित झाले. १९०५ साली बर्लिनहून आलेले बोलावणे नाकारून आऱ्हेनियस यांनी स्टॉकहोम येथे स्थापन झालेल्या भौतिकीय रसायनाच्या नोबेल संस्थेचे संचालकपद पत्करले, व ते अखेरपर्यंत सांभाळले.

चंद्रावरील डाग

चरित्र म्हणजे आरती नव्हे. तेव्हा या थोर पुरुषाच्या आयुष्यातील उणी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे.

ज्यांस परीक्षकांनी ओळखले नाही, तेच पुढे परीक्षकांच्या आसनावर बसले. नोबेल पारितोषिकांच्या आरंभापासून अकादमीत त्यांचा शब्द वजनदार होता. १९०६ साली मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीचे जनक मेंडेलीव यांची शिफारस रसायन समितीने केली, पण अकादमीने ती मान्य केली नाही. आणि पुढील वर्षाच्या आरंभीच मेंडेलीव निवर्तले. मेंडेलीव यांनी आयनांच्या सिद्धान्तावर टीका केली होती, आणि या नकारामागे आऱ्हेनियस यांचे वजन होते, असे इतिहासकार मानतात. एके काळचे स्नेही नेर्न्स्ट यांच्या पारितोषिकासही त्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. १९२० सालचे पारितोषिक नेर्न्स्ट यांस १९२१ साली मिळाले, ते या विरोधानंतर.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. स्वीडनमध्ये १९०९ साली वंशशुद्धीचा पुरस्कार करणारी एक संस्था निघाली, तिचे ते सभासद होते. माणसांची प्रत त्यांच्या जन्मावरून ठरविता येते, हा त्या काळी युरोपात फैलावलेला भ्रम या बुद्धिमान पुरुषासही सुटला नाही. त्याच विचाराच्या प्रभावाखाली त्या देशात १९३४ साली निर्बीजीकरणाचा कायदा झाला, व तो १९७० नंतरच्या काही वर्षांपर्यंत अमलात राहिला. एका ज्ञातिसंस्थेच्या पानांवर हे लिहिताना आम्हांस त्याचे मोल विशेष जाणवते. आपण ज्ञाती म्हणून एकत्र येतो ते परस्परांस हात देण्यासाठी. दुसऱ्याची उंची जन्माच्या पट्टीने मोजण्यासाठी नव्हे. ही सीमा जेथे पुसट होते, तेथे विद्वानही घसरतात.

पश्चात्

२ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोम येथे वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी आऱ्हेनियस यांचे निधन झाले. उप्सालाच्या भूमीतच त्यांचे दफन करण्यात आले.

त्यांच्या सिद्धान्ताचीही पुढे परीक्षा झाली, आणि त्यास सर्वच विषयांत पैकीच्या पैकी गुण मिळाले नाहीत. मिठासारख्या तीव्र पदार्थांचे आकडे त्यात नीट बसत नसत. आपल्याकडील ज्ञानचंद्र घोष या तरुण बंगाली रसायनशास्त्रज्ञाने १९१८ साली या पदार्थांविषयी स्वतंत्र सिद्धान्त मांडून युरोपाचे लक्ष वेधले. हेच घोष पुढे खरगपूरच्या तंत्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. १९२३ साली डेबाय व ह्यूकेल यांनी आयनांच्या परस्पर ओढीचा हिशेब करून आधीचे सर्व सिद्धान्त मागे टाकले. क्ष-किरणांनी तर असे दाखविले की, मिठाच्या कोरड्या खड्यातही रेणू नसतातच. तेथे आधीपासून आयनच ओळीने रचलेले असतात. पाणी त्यांस निर्माण करीत नाही, फक्त मोकळे करते.

आयनांचे व विक्रियांचे हे शास्त्र त्यानंतर फार पुढे गेले आहे. हायड्रोजन व हायड्रॉक्सिल आयन एकत्र येऊन पाणी होण्याची विक्रिया इतकी जलद घडते की, ती मोजण्याचा विचारही पूर्वी कोणी करीत नसे. अशा अतिजलद विक्रिया मोजण्याच्या पद्धतींबद्दल आयगेन, नॉरिश व पोर्टर यांस १९६७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ताऱ्यांमधील अतिशीत ढगांत, जेथे सामान्य रेणूंस कोणताही घाट चढता येत नाही, तेथे आयन व रेणू यांच्या विक्रिया घाटावाचूनच घडतात व नवे पदार्थ जन्मास घालतात. त्यांतील महत्त्वाचा असा हायड्रोजनच्या तीन अणूंचा आयन १९९६ साली आकाशात प्रत्यक्ष सापडला. आणि लिथियम आयनांच्या ज्या विद्युत्-घटावर आपल्या हातातील दूरध्वनी चालतो, त्याच्या निर्मात्यांस २०१९ साली हेच पारितोषिक मिळाले.

उपसंहार

या चरित्राचा बोध काय घ्यावा? गुणांस काही किंमत नाही, असा तो खचित नव्हे. आऱ्हेनियस शाळेत पहिलेच होते, आणि त्यांनी आपले आकडे रात्रंदिवस खपून मिळविले होते. कमी गुण पडलेला प्रत्येक मुलगा आऱ्हेनियस असतो, असे सांगून पालकांची समजूत काढणे हा भाबडेपणा होईल.

बोध आहे तो निराळाच. परीक्षा ही एका दिवसाची, एका मोजपट्टीची साक्ष असते. ती खोटी नसते, पण ती अखेरची नसते. चौथ्या वर्गाच्या त्या प्रबंधास वाचविले कोणी? प्रबंध स्वतः वाचणाऱ्या व वाचून समुद्र ओलांडणाऱ्या एका माणसाने. त्यांनी निकालपत्र पाहिले नाही, काम पाहिले. आणि एडलुंड यांच्यासारख्या वडीलधाऱ्याने, ज्यांनी प्रवासवृत्ती मिळवून देऊन त्या कामास चार देशांची हवा दाखविली.

आपल्या संस्थेच्या गुणगौरव समारंभात वरच्या गुणांच्या मुलामुलींचा सत्कार होतो, तो व्हावाच. परंतु शिष्यवृत्त्यांचा विचार करणाऱ्या मंडळींस आमची नम्र सूचना आहे की, अर्जावरील टक्केवारी वाचून झाल्यावर त्या मुलाशी वा मुलीशी घटकाभर बोलावे. तिने काय केले आहे, काय करू पाहते आहे, हे विचारावे. आणि जे आज परीक्षकांच्या आसनावर आहेत, त्यांनी मेंडेलीव यांची आठवण ठेवावी. कारण आपल्यावर झालेला अन्याय माणूस लवकर विसरत नाही, पण आपल्या हातून होणारा अन्याय त्यास दिसत नाही. ज्या घरात यंदा निकाल मनासारखा लागला नसेल, त्या घरी हे पान एकदा मोठ्याने वाचले जावे. पाण्यात विरघळलेले मीठ डोळ्यांस दिसत नाही, म्हणून ते नाहीसे झालेले नसते.